वॉशिंग मशीनचा ड्रायर गुणगुणतो पण फिरत नाही: मोटार टाकण्याआधी काय तपासावं?

पूर्णाथडी (ता. दर्यापूर)
दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, सात किलोचं. धुण्याची बाजू चांगली चालते. ड्रायरचं झाकण लावून टायमर फिरवला की नुसता घूंऽऽ आवाज येतो, टब जागचा हलत नाही. हातानं टब फिरवून लगेच झाकण लावलं तर कधीकधी वेग घेतो. संध्याकाळी त्रास जास्त. मिस्त्रीचं म्हणणं, मोटार गेली, नवीन टाका. पाणी बोअरचं आहे, खारं. मोटारीवर पैसे घालण्याआधी घरच्या घरी काय काय पाहता येईल? मल्टिमीटर आहे.

वाइंडिंगवाला
ताई, मोटार गेली असं इतक्यात धरू नका. आवाज येतो म्हणजे टायमर, झाकणाचा स्विच आणि मोटारीपर्यंतची वायर शाबूत आहे. आवाजच नसता तर शोध तिकडे न्यावा लागला असता. गुणगुणतो पण फिरत नाही, याची कारणं चार: कपॅसिटर उतरला, ब्रेक पूर्ण सुटत नाही, शाफ्ट जाम आहे, नाहीतर व्होल्टेज पडलंय. हातानं ढकलल्यावर वेग घेतो म्हणून पहिला संशय कपॅसिटरवर.

ड्रायरच्या मोटारीत दोन वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या, असतात. कपॅसिटर एका वाइंडिंगमधला करंट दुसरीच्या पुढे सरकवतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र फिरतं होतं आणि उभ्या मोटारीला सुरुवातीचा जोर मिळतो. कपॅसिटर कमजोर झाला की तो जोर मिळत नाही, मात्र कोणी ढकललं तर मोटार पुढे चालते.

ढकलून चालवणं आजपासून बंद करा. फिरत्या टबात हात जाण्याचा धोका आहेच. शिवाय मोटार अडकलेली असताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तो सगळा उष्णतेत जातो. टब हलला नाही की दहा सेकंदांच्या आत टायमर शून्यावर आणा. चांगली मोटार जळते ती अशाच गुणगुणण्यात.

सरकी
पयले टबाच्या खाली पाहा ना ताई. आतली गोल जाळी न ठेवता कपडे टाकले की हातरुमाल नाई तं पायमोजा उडून टबाच्या अन् बाहेरच्या डब्याच्या मधात जाते अन् शाफ्टाले गुंडाळून बसते. मंग मोटार गुणगुणते, फिरत नाई. टॉर्च मारून पाहा, जाड तारेचा आकडा करून काढा. वेचणीच्या दिवसात तं खिशातून सरकी अन् कापूस निंघते, थे सारं खाली जमा होते. धुण्याच्या आधी खिसे उलटे करून झटकत जा.

वाइंडिंगवाला
सरकीभाऊंचं बरोबर आहे, ते आधी पाहा. मग पुढचा क्रम असा.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, खेड्यात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड पुष्कळ आहेत. मागचं कव्हर स्क्रूवर असतं, ते उतरवा. ड्रायरच्या बाजूला खाली मोटार दिसेल. तिच्यावर लोखंडी किंवा प्लास्टिकची गोल थाळी असते, तो ब्रेक ड्रम. त्याच्या कडेला ब्रेकचा पट्टा, आणि पट्ट्यापासून झाकणाकडे जाणारी तार.

झाकण बंद ठेवा आणि मागून ब्रेक ड्रम हातानं फिरवा. तो सहज दोन-तीन फेरे गेला पाहिजे. आता झाकण उघडा, ड्रम घट्ट धरला गेला पाहिजे. झाकण बंद असतानाही ड्रम घासत असेल तर ब्रेक सुटत नाही. तार सैल पडलेली असते, नाहीतर झाकणाचा आकडा झिजलेला असतो. तारेच्या टोकाला किंवा पट्ट्यावर दोन-तीन भोकं असतात, एक भोक पुढे घ्या. झाकण बंद असताना पट्टा आणि ड्रम यांच्यात डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी फट हवी. फार ओढून घेऊ नका, नाहीतर झाकण उघडल्यावर ब्रेकच लागणार नाही. मशीनच्या पुस्तिकेत साधारण हेच लिहिलेलं असतं: झाकण उघडल्यावर १५ सेकंदांत टब थांबला नाही तर मशीन वापरू नका. घरात लहान मुलं असतात, हे मनावर घ्या.

पट्टा हातानं ड्रमपासून दूर धरल्यावरही ड्रम जड फिरत असेल तर ब्रेक निर्दोष. शाफ्टवर गंज आहे किंवा मोटारीचा बुश नाहीतर बेअरिंग धरलंय.

पूर्णाथडी
टबाखाली काही नाही. झाकण बंद असताना ड्रम फिरतो, पण एका जागी घासल्याचा आवाज येतो. कपॅसिटर कसा तपासायचा? तीन वायरी असलेला चौकोनी डबा आहे.

तारजोड
तीन वायरींचा म्हणजे एका डब्यात दोन कपॅसिटर. एक धुण्याच्या मोटारीचा, दुसरा ड्रायरचा. डब्यावर बहुतेक १० + ५ मायक्रोफॅरड आणि ४४० व्होल्ट असं छापलेलं असेल. सामाईक वायर कोणती तेही तिथेच पाहा.

प्लग काढल्यावरही आत चार्ज राहू शकतो. स्क्रू ड्रायव्हरनं टोकं चिकटवून ठिणगी पाडायची सवय वाईट, त्यानं कपॅसिटरही खराब होतो. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याची दोन टोकं प्रत्येक जोडीला चार-पाच सेकंद लावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही.

मग तिन्ही वायरी सोडवून, आधी फोटो काढून ठेवा, मीटर कपॅसिटन्सवर ठेवा. सामाईक ते पहिली, सामाईक ते दुसरी, अशी दोन मोजमापं घ्या. पाचचा कपॅसिटर साडेचारच्या खाली आला की बदलायचा. इथे एक गफलत नेहमी होते. सामाईक सोडून बाकी दोन टोकांमध्ये मोजलं तर चांगल्या डब्यातही ३.३ दिसतं, कारण १० आणि ५ तेव्हा एकामागे एक जोडले जातात. ते पाहून चांगला डबा फेकू नका.

मीटरला कपॅसिटन्सची सोय नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून दोन मिनिटांत मोजून घेता येतो. डबा फुगलेला किंवा तळाशी चिरलेला असेल तर मोजायचीही गरज नाही.

नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढाच घ्या. दुकानदार म्हणेल, आठचा टाका, जोर वाढेल. जोर क्षणभर वाढतो, पण दुसऱ्या वाइंडिंगमधून कायम जास्त करंट जातो आणि काही महिन्यांत ती जळते. व्होल्ट मात्र ४४० पेक्षा कमी नको. दोन टर्मिनलांचा सुटा ५ चा कपॅसिटरही चालतो. जुन्या डब्याची ड्रायरकडची वायर सोडून तिचं टोक बंद करा, आणि नवा कपॅसिटर ती वायर जिथून सोडली ती जागा आणि सामाईक यांच्यात जोडा.

रोहित्र
संध्याकाळी त्रास जास्त, हे सोडून देऊ नका. हरभरा-गव्हाच्या ओलिताला फिडरवरचे पंप एकदम सुरू झाले की घरातलं व्होल्टेज खाली येतं. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ला जो जोर मिळतो, त्याचा १७० ला जेमतेम ५५ टक्के उरतो आणि १६० ला निम्म्याहून कमी. त्यात कपॅसिटर उतरलेला आणि ब्रेक किंचित घासत असेल तर टब उठणारच नाही. सकाळी चालतो आणि सायंकाळी अडतो, याचा हिशेब असा आहे.

प्लगच्या जागीही मोजा, नुसतं मीटरच्या बोर्डावर नव्हे. आणि धुण्याची मोटार चालू असताना मोजा. बोर्डावर २१० आणि प्लगवर १८५ असेल तर घरातली वायर बारीक आहे किंवा कुठला जॉइंट ढिला आहे. तो आधी दुरुस्त करा, ढिला जॉइंट तापून आगही लावतो. बोर्डावरच कमी असेल तर १ केव्हीएचा स्टॅबिलायझर या मशीनला पुरतो. त्याची खालची मर्यादा पाहून घ्या. १७० पासून काम करणारा आपल्याकडे उपयोगाचा नाही, १४० किंवा त्याखाली उतरणारा घ्या.

पूर्णाथडी
मोजलं. कपॅसिटर: धुण्याकडचा ९.८, ड्रायरकडचा २.९, दोन टोकांमध्ये २.२. व्होल्टेज सकाळी २२४, सायंकाळी सात वाजता १७८. ब्रेकची तार एक भोक पुढे घेतली, घासणं थांबलं. मागे आणखी एक दिसलं: मोटारीच्या वरच्या अंगाला पांढऱ्या क्षारांचे ओघळ आहेत, ब्रेक ड्रमवर तांबूस गंज.

वाइंडिंगवाला
कपॅसिटर बदला, ते आता पक्कं. पण पांढरे ओघळ त्याहून महत्त्वाचे आहेत. टबातलं पाणी शाफ्टवरून खाली मोटारीवर टपकतंय. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं रबरी बेलो (शाफ्टभोवतीचं घड्यांचं रबर) किंवा त्यातलं सील गेलंय. ते तसंच राहिलं तर आज नाही तर पुढच्या पावसाळ्यात मोटार जाईल, नवी टाकली तरी जाईल. आमच्याकडे वाइंडिंगला येणाऱ्या ड्रायरच्या मोटारींवर हेच ओघळ दिसतात. मोटार भरून देता येते, पण वरचं बेलो कोणी बदलत नाही.

खात्री अशी करा. प्लग काढलेला, मागचं कव्हर उघडं. निचऱ्याचा पाइप वर टांगा आणि ड्रायरच्या टबात दोन लिटर पाणी ओता. मोटारीवर कोरडा कागद ठेवा, दहा मिनिटांनी पाहा. मग ड्रम हातानं फिरवत पुन्हा पाहा. काही सील उभ्या शाफ्टवर गळत नाहीत, फिरतानाच गळतात.

घरचं_धुणं
बेलो घरी बदलता येतं का? आमच्याकडे वणीला मिस्त्री बोलावला की आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते.

वाइंडिंगवाला
येतं. दोन माणसं आणि १० नंबरचे दोन पाने लागतात, बोल्ट गंजला असेल तर वेळही लागतो.

मागून ब्रेक ड्रमच्या मानेवर बोल्ट दिसेल, बहुधा चेकनटसकट (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून वर आवळलेला नट). हा बोल्टच टबाचा शाफ्ट मोटारीला धरून ठेवतो. आधी चेकनट ढिला करा, मग बोल्ट. गंजला असेल तर गंज सुटण्याचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. जोर लावून पान्यानं डोकं झिजवलं तर पुढे ड्रिल करावं लागतं. बोल्ट सुटला की एकानं वरून टब सरळ वर ओढायचा, दुसऱ्यानं खालून मोटार धरायची, म्हणजे स्प्रिंगा वाकत नाहीत.

टब बाहेर आला की डब्याच्या तळाशी बेलो दिसेल. काही मॉडेलांत ते प्लास्टिकच्या रिंगनं दाबलेलं असतं, ती फिरवून काढायची. काहींत नुसतं खाचेत बसवलेलं असतं. नवं बेलो आणताना जुनं सोबत न्या. दिसायला सारखी, पण उंची आणि आतलं भोक वेगळं असलेली पुष्कळ मिळतात.

आता शाफ्ट पाहा. सील जिथे घासतं त्या पट्ट्यावर बोट फिरवा. नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरनं गोलाकार घासून काढा. नखाला खड्डे लागत असतील तर नवं सील टिकणार नाही, खड्ड्याची धार रबर कापते. तेव्हा शाफ्टसकट टबच बदलावा लागतो.

सीलच्या ओठावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा रॉकेल लावू नका, बहुतेक रबर त्यानं फुगतं आणि मऊ पडतं. बेलो बसवल्यावर टब जोडण्याआधी खाचेची कड चहूबाजूंनी बोटानं दाबून पाहा. एक कोपरा वर राहिला की सगळी मेहनत वाया.

मोटार ओली होती, म्हणून तिचीही तपासणी करून घ्या. तिच्या तीन वायरींच्या तीन जोड्या ओहममध्ये मोजा. सर्वांत मोठं रीडिंग बाकी दोघांच्या बेरजेएवढं आलं पाहिजे. एखाद्या जोडीत काहीच दिसलं नाही तर वाइंडिंग तुटली आहे किंवा आतलं थर्मल (मोटार फार तापली की वीज तोडणारा फ्यूज) उडालंय. प्रत्येक वायर ते मोटारीची बॉडी काहीच दाखवता कामा नये. थोडंसं जरी दाखवलं तरी मोटार उन्हात वाळवून पुन्हा मोजा. तरी दाखवलं तर ती लावू नका, बॉडीला करंट येईल.

रोहित्र
बॉडीचा विषय आला म्हणून सांगतो, आणि हे कळकळीनं सांगतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हात लावायची ही वस्तू आहे. तिची अर्थिंग खरी असली पाहिजे. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. बोर्डातल्या तिसऱ्या भोकाला वायरच नसते अशी घरं खेड्यात सर्रास आहेत. अर्थच्या जागी न्यूट्रल जोडून देणारेही आहेत. न्यूट्रल कुठे तुटला तर मशीनच्या धातूच्या भागावर फेज येतो.

आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती सुटते, अर्थ असून नसल्यासारखी होते. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. सोबत मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. फ्रिजलाही त्याचाच आधार होतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, खट्‌कन पडला पाहिजे.

काळीमाती
माझा प्रश्न थोडा वेगळा. ड्रायर फिरतो, पण वेग घेताना बाजूला थाडथाड आपटतो, मशीन सरकतं. कपडे नीट रचले तरीही.

तारजोड
मोटार तीन स्प्रिंगांवर उभी असते. एक मोडली किंवा तिचा रबराचा पाय झिजला की टब एका अंगाला कलतो. वरून पाहा, टब डब्याच्या बरोबर मध्ये दिसतो का. दिसत नसेल तर तिन्ही स्प्रिंगा एकत्र बदला. एक नवी आणि दोन दमलेल्या असल्या की टब पुन्हा कलतोच.

टब मध्ये असेल तर फरशी पाहा. काळ्या मातीवरची फरशी पावसाळ्यात उचलते आणि उन्हाळ्यात खचते. दिवाळीत पाणसळ लावून बसवलेलं मशीन आषाढात तिरपं असतं. पाय फिरवून पुन्हा लेव्हल करा. चाकांच्या स्टँडवर ठेवलं असेल तर ड्रायर चालवताना खाली उतरवा, किंवा चारही चाकांना लॉक आणि खाली रबरी पट्टी द्या.

सरकी
कपडे रचताना जड खाली, हलके वर, अन् लुगडं-धोतर गोल कडेनं गुंडाळून ठेवा. एकटी चादर टाकली तं हमखास आपटते, तिच्यासोबत दोन टॉवेल घाला. गोधडी ड्रायरमधी टाकूच नका, तिचं पानी भरलेलं वजन स्प्रिंगा मोडते. जाळी दाबून बसवल्याशिवाय झाकन लावू नका.

घरचं_धुणं
माझ्याकडे ड्रायर सुरू केला की टबाच्या तळाशी फेस येतो आणि वेग मंदावतो.

तारजोड
निचरा अडलाय. ड्रायरचं पाणी व्हॉल्व्हमधून जात नाही, ते सरळ बाहेरच्या पाइपला मिळतं. पाइपचं टोक वर राहिलं, दुमडलं किंवा कापसाच्या तंतूंनी चोंदलं की ते पाणी टबाखाली साचतं. मग टब त्या पाण्यातच फिरतो. पाइप काढून उलट्या बाजूनं पाणी सोडा, टोक जमिनीलगत ठेवा. आणि कपडे दोनदा खळबळून मगच ड्रायरमध्ये टाका. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही म्हणून पावडर वाढवली जाते. ती कपड्यांत राहते आणि ड्रायरमध्ये फेसाळते.

पूर्णाथडी
बेलो आणि कपॅसिटर मिळाले, उद्या बसवणार. मोटारीची तिन्ही रीडिंगं बेरजेत बसतात, बॉडीला काही नाही. खाऱ्या पाण्यासाठी नियमित काय करावं? सायट्रिक ॲसिड चालेल का?

वाइंडिंगवाला
चालेल, पण ते अर्ध्याच दुखण्याचं औषध आहे. कॅल्शिअमचा पांढरा थर निघायला किराण्यातलं निंबूफूल चांगलं. दहा लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम विरघळवून धुण्याच्या टबात दहा मिनिटं फिरवा, अर्धा तास ठेवा, सोडून द्या, मग दोनदा साध्या पाण्यानं धुवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. त्यासोबत ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं द्रावण कधीही घालू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

खारपाणपट्ट्यातलं खरं दुखणं मात्र मिठाचं आहे. मीठ पाण्यात विरघळलेलंच असतं, त्याचा थर दिसत नाही. शाफ्ट वाळला की ते तिथेच राहतं आणि पोलाद खातं. त्यावर उपाय गोड्या पाण्याचा. धुणं संपलं की नळयोजनेचं किंवा साठवलेलं पावसाचं तांब्या-दोन तांबे पाणी ड्रायरच्या टबात कडेनं ओता, एक मिनिट रिकामा फिरवा आणि झाकण उघडं ठेवा. बंद झाकणात ओल कोंडते, स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात.

कव्हर उघडलंच आहे तर खालून उंदीर शिरण्याची जागाही बंद करा. ६ मिलिमीटरची लोखंडी जाळी, मशीनच्या तळाच्या मापाची, कडा आत वळवून. घरात कापूस साठवलेला असतो तेव्हा उंदीर वाढतात आणि गरम मोटारीजवळ येऊन वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर पिळून टेप लावू नका, क्रिंप कनेक्टर (दाबून बसवायचा धातूचा जोड) घालून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

पूर्णाथडी
बसवलं. कागद कोरडा राहिला. सायंकाळी १८१ व्होल्टलाही टब लगेच उठतो. फक्त पूर्ण वेगात असताना खालून बारीक टकटक येते, आधी नव्हती.

वाइंडिंगवाला
बोल्ट शाफ्टच्या खड्ड्यात बसलेला नाही. शाफ्टच्या खालच्या टोकाला एक छोटं भोक किंवा खळगा असतो, बोल्टचं टोक नेमकं त्यात गेलं पाहिजे. आत्ता ते गुळगुळीत भागावर टेकलंय, दोन-चार दिवसांत घसरेल आणि शाफ्टवर ओरखडे पाडेल. प्लग काढा, चेकनट सोडा, बोल्ट दोन फेरे ढिला करा. वरून टब सावकाश फिरवत राहा आणि खालून बोल्ट हलक्या हातानं आत फिरवत राहा. खळगा आला की बोल्ट एकदम आत जातो, हाताला कळतं. तिथे घट्ट करा, मग बोल्ट पान्यानं धरून चेकनट आवळा. चार-पाच धुणी झाली की एकदा पुन्हा तपासा, नट ढिला होऊ शकतो.